घरात लहान मुलं असताना परवान्याचं रिव्हॉल्व्हर बेडरूममध्ये कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विजापूर रोडला स्वतःचं घर, खाली आई-वडील, वर तुम्ही, पत्नी आणि दोन लहान मुलं. .३२ चं रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेतलंय. मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून ते भरून उशीखाली ठेवताय आणि पत्नीला ते पटत नाही. मुलांच्या हाती लागू नये आणि रात्री वेळेला सापडावं, अशी जागा कुठली?

वहिनींचं बरोबर आहे. उशीखालून ते आजच काढा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

माझ्याकडे वडिलांची बारा बोअरची डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) आहे, ती रीतसर माझ्या परवान्यावर चढवून घेतलीय, आणि एक .३२. घर जुळे सोलापुरात, शेतावरची वस्ती मोहोळ बाजूला. दोन्ही हत्यारं घरातच असतात, त्यामुळे हा विचार मला करावाच लागला.

उशी, गादी, पलंगाचा कप्पा, कपाटावरची सुटकेस, देवांच्या फोटोमागची जागा, या सगळ्या लपवायच्या जागा झाल्या. दिवाळीचा फराळ कुठल्या डब्यात ठेवलाय हे पोरांना जसं न सांगता कळतं, तसंच हेही कळतं. गोदरेजच्या कपाटातला लॉकर त्यातल्या त्यात बरा, पण त्याची किल्ली साड्यांच्या घडीखाली असते हे घरात कोणाला माहीत नसतं? कामाला येणाऱ्या मावशींनाही माहीत असतं.

उशीचा दुसरा धोका मुलांचा नाहीच, तो तुमचा आहे. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच क्षणी भरलेलं हत्यार येऊ नये. सोलापुरात तर नकोच नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि येतं तेही नको त्या वेळेला. पहाटे तीनला वडील मोटार लावायला उठतात, अंधारात बादली आपटते, कोणीतरी मागचं दार उघडतं. हे सगळे चोराचेच आवाज वाटतात. पेटी उघडायला जे चार-पाच सेकंद लागतात त्याची लोकांना चिंता असते. मला विचाराल तर ते सेकंद हवेतच. तेवढ्यात माणूस नीट जागा होतो, दिवा लावतो, "कोण आहे?" म्हणून हाक मारतो, आणि बहुतेक वेळा खालून वडिलांचंच उत्तर येतं.

मग खरोखरच कोणी आत शिरला तर? त्यासाठी लागणारा वेळ उशाशी मिळत नाही, दारावर मिळतो. लोक रिव्हॉल्व्हरला लाखभर घालतात आणि मागच्या दाराची कडी दोन स्क्रूंवर लटकत असते. पुढच्या-मागच्या दाराला लोखंडी सेफ्टी डोअर, जिन्याच्या तोंडाशी आतून कुलूप लागणारं ग्रिल, गच्चीच्या दाराला अडसर (गच्ची सगळे विसरतात), अंगणात हालचालीवर पेटणारा दिवा आणि बेडरूमच्या दाराला चौकटीत खोल जाणारा बोल्ट. एवढं असलं की माणूस तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. त्या वेळात वहिनींनी मुलांना तुमच्या खोलीत आणून दार लावायचं आणि ११२ ला फोन करायचा. तुम्ही पेटी उघडायची आणि खोलीतच थांबायचं. अंधारात जिना उतरून चोर शोधायला जायचं नाही. खाली आई-वडील आहेत, त्यांनीही आपल्या खोलीला आतून कडी घालायची, बाहेर यायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

आता पेटी. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी छोट्या स्टीलच्या तिजोऱ्या मिळतात, बटणांच्या कोडवर किंवा बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या. मी बटणाचीच घ्या म्हणेन. ठशाची पेटी दुकानात झटकन उघडते, पण घाम, तेल, पाणी किंवा कष्टाच्या कामाने झिजलेलं बोट असलं की ती रुसते. बॅटरी लागणारी पेटी असेल तर सेल ठरावीक तारखेला बदलायचे, बीप वाजायची वाट बघायची नाही. कंपनीने घातलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. मुलांची जन्मतारीख, गाडीचा नंबर असलं काही नको. पेटीबरोबर एक जादाची किल्ली येते आणि खरी गळती तिथेच असते. कोड अवघड ठेवायचा आणि किल्ली खुंटीवरच्या जुडग्यात अडकवायची, मग पेटी कशाला घेतली? ती किल्ली घराबाहेर ठेवा, दुकानाच्या किंवा ऑफिसच्या कुलूपबंद खणात. काही स्वस्त इलेक्ट्रॉनिक पेट्या वरून जोरात थाप मारली की उघडतात. विकत घेण्याआधी दुकानदारासमोरच ठोकून बघा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

ठेवायची कुठे? पलंगापासून दोन पावलांवर, कपाटाच्या आत, तुमच्या छातीच्या उंचीला. हाताच्या टप्प्यात नको, उठून उभं राहावं लागेल अशी. आणि ती भिंतीला किंवा स्लॅबला आतून अँकर बोल्टने पक्की हवी. सुटी पेटी चोर काखेत मारून नेतो, उघडतो नंतर सवडीने. म्हणजे तुमचं हत्यार आता त्याच्याकडे.

भरून ठेवायचं की रिकामं? लहान मुलं असलेल्या घरात माझं उत्तर एकच आहे: रिकामं, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. दुसरी छोटी पेटी त्याच कपाटात ठेवली तरी चालेल, फक्त कोड वेगळा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, वरून मोडून उघडणारं .३२ तुमच्याकडे असेल तर गोळ्यांची सहाही घरं एका नजरेत दिसतात, ही त्याची मोठी सोय. पिस्तूलवाल्यांनी जास्त जपायचं. मॅगझिन (गोळ्यांची सुटी होणारी डबी) काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजतात आणि एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, तशीच राहिलेली असते. स्लाइड मागे ओढून डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं. नळीतून जाणारं केबल लॉक वर लावलं तर उत्तमच. ट्रिगर लॉक (ट्रिगरवर बसवायचं कुलूप) मात्र भरलेल्या हत्याराला कधीही लावू नये, लावताना किंवा काढतानाच ट्रिगर दबू शकतो.

डबल बार बेडरूममध्ये ठेवूच नये असं माझं मत. ती सुटी होते, तेच तिचं कुलूप. मी नळ्या एका जागी आणि दस्ता दुसऱ्या जागी ठेवतो, आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा तिसऱ्याच कुलपात. तो नसला की बंदूक नीट जुळत नाही.

कूलर! हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मार्च ते जून आपल्या घरात कूलर चालतो आणि बेडरूमची हवा दमट होते. बाहेर सोलापूर रखरखीत कोरडं, आत लोखंडाला गंज. पेटी कूलरच्या झोतात नको, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, तेलाचा हलका हात महिन्यातून एकदा फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. काडतुसं पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नकोत.

खंडेनवमीलाही सांभाळा. शस्त्रपूजेला हत्यार देवघरात येतं, पाहुणे-शेजारी बघतात, कोणीतरी मोबाईलवर स्टेटस टाकतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळतं की यांच्याकडे काय आहे. पूजा जरूर करा. रिकामं करून ठेवा, पूजा होईपर्यंत तिथून हलू नका, फोटो नको, आरती झाली की पुसून पेटीत. ओलं हळद-कुंकू तसंच राहिलं तर पॉलिशला डाग पडतो.

मुलांपासून हत्यार आहे हे लपवू नका असं मी म्हणेन. दहाएक वर्षांचं पोर असेल तर त्याला एकदा सांगा: ही वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. मित्राच्या घरीसुद्धा हेच. पण तुम्ही सांगितलंय म्हणून पेटीचं कुलूप सैल सोडायचं नाही. मुलं ऐकतात, आणि कुतूहल वाढलं की विसरतातही.

कायद्याचं बघा. कोड फक्त तुमच्याकडे हवा, कारण परवाना तुमच्या नावाचा आहे. वहिनींना हाताळायचं असेल तर त्यांचा वेगळा परवाना लागेल. शस्त्र नियम २०१६ नुसार हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ३० व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे गोळी चालवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, पण तो गरजेपुरताच. टीव्ही घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसत नाही.

सुट्टीत गावाला जाताना रिकाम्या घरात ठेवून जाऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं, पावती मिळते. निवडणुकीत जमा करायची वेळ आली असेल तर पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. बँकेच्या लॉकरचा विचार सोडा, तिथल्या करारात शस्त्र ठेवायला मनाई असते.

आणि जमा करण्याचा हा मार्ग आणखी एका वेळी वापरा. घरात कोणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने किंवा दारूने, आणि त्यात तुम्ही स्वतःही आलात, तर त्या काळात हत्यार घरात नकोच. अशा वेळी कोणतीही पेटी पुरेशी नाही, कारण कोड माहीत असलेला माणूसच अडचणीत असू शकतो. याबद्दल कोणाला काही सांगत बसायची गरज नाही, "सर्व्हिसिंगला दिलंय" एवढं पुरे.

तुमची भिंत कसली आहे ते लिहिलं नाहीत. विटांची किंवा काँक्रीटची असेल तर अँकर बोल्ट नीट धरतो. जुनं दगड-मातीचं बांधकाम असेल तर भिंतीत बोल्ट टिकत नाही, तेव्हा पेटी कपाटाच्या तळातून खालच्या स्लॅबलाच ठोकून घ्या. मग ती छातीच्या उंचीला राहणार नाही, वाकावं लागेल, तेवढं चालवून घ्या.