एक तास 320 रुपयांना

जानेवारी संपत आला की नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पहिल्या सेमिस्टरचे निकाल नुकते लागलेले असतात. "मॅडम, एवढी फी भरून खासगी विद्यापीठात टाकलं आणि पोरगा पहिल्याच फटक्यात नापास. आमचं चुकलं का? आता काढून घ्यावं का?" विचारतात आईवडील. ज्याच्याबद्दल विचारतात तो बाजूच्या खुर्चीवर मोबाइलचं कव्हर काढत-घालत बसलेला असतो.

मागे आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला आपण प्रथमेश म्हणू. नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. बारावी तालुक्यालाच झाली, मार्क चांगले. मग शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश. फी वर्षाला 2 लाख 40 हजार, होस्टेल आणि मेस वेगळी. थोडं बँकेचं शैक्षणिक कर्ज, थोडी बागेवर व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल.

त्याला माझ्याकडे धाडलं प्रतापनगरच्या आत्यानं. विद्यापीठात समुपदेशन कक्ष होता आणि तो फुकट होता. तिथं का नाही गेलास, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं गेलो तर एचओडीले माहीत होते." एचओडी म्हणजे विभागप्रमुख. समुपदेशक असं सांगत फिरत नाहीत, तसा नियमच आहे, हे मी सांगितलं. त्याला पटलं नाही. लोकमान्य नगरहून मेट्रोत बसायचा, शंकर नगरला उतरायचा आणि दहा मिनिटं आधीच येऊन दाराबाहेर उभा राहायचा. बेल वाजवायचा नाही.

पहिल्या भेटीत मी चूक केली. झोप नाही, जेवण नाही, गणितात नापास, हे ऐकलं आणि हात आपोआप कागदाकडे गेला. वेळापत्रक आखून दिलं: सकाळी हे, संध्याकाळी ते, मोबाइल दहा वाजता बंद. त्यानं कागदाची नीट चार घड्यांची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुढचे तीन आठवडे फिरकला नाही.

परत आला तेव्हा बसल्या बसल्या मोबाइल माझ्यासमोर धरला. एक्सेलची शीट होती. एका सेमिस्टरची फी 1,20,000. आठवड्याला 25 तास, 15 आठवडे, म्हणजे 375 तास. भागाकार करून वरच्या चौकटीत ठळक लिहिलं होतं: 320. एक तास 320 रुपयांना. पहिल्या आठवड्यातच हे बनवलं होतं, आळस येऊ नये म्हणून. बसलेला तास हिरवा, बुडालेला लाल.

ऑगस्ट अख्खा हिरवा होता. सप्टेंबरात ताप आला, पाच दिवस गेले. 25 तास, 8000 रुपये. तापातून उठून वर्गात गेला तर गणितात 'मॅट्रिक्सचा रँक' हा भाग शिकवून पुढे निघून गेलेला. काही कळेना, म्हणून त्या दिवशी मधूनच उठून आला. मग दुसऱ्या दिवशी तो तास टाळला. तो लाल. त्याच्या पुढचा लाल. नोव्हेंबरपर्यंत 120 तास लाल झाले होते आणि खाली बेरीज आपोआप होत होती: 38,400.

"एवढ्यात बाबाच्या फवारण्या निघते, मॅडम."

त्याच्याही खाली आणखी एक ओळ होती. 'काउन्सेलिंग: 600.' माझी पहिल्या भेटीची फी. मी वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. तोही हसला. तीन आठवडे का आला नाहीस, हे मग विचारायची गरज उरली नाही.

उधारी थकली की माणूस त्या दुकानाच्या गल्लीतूनच जायचं सोडतो. प्रथमेशचं तेच झालं होतं. गणिताच्या सरांच्या केबिनवरून मेसला जवळचा रस्ता होता, तो लांबून वळसा घालून जायचा. सर त्याला नावानंही ओळखत नव्हते. पण याच्या हिशेबात तो त्यांचा देणेकरी होता. खासगी विद्यापीठातली जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात अशी एक शीट असते. सगळेच एक्सेलमध्ये उतरवत नाहीत इतकंच. आणि घरून येणारा प्रत्येक फोन तिच्यात भर घालतो. "बाबू, नीट शिक, लय पैसा लागून राहिला" हे बापानं मायेनंच म्हटलेलं असतं. पोरगा त्यातला आकडाच ऐकतो.

त्याच भेटीत मी त्याला सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का? मरायचा विचार येतो का?" पालकांना हा प्रश्न भयंकर वाटतो, विचारल्यानं सुचेल अशी भीती असते. विचारल्यानं सुचत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोर मोकळं होतं. तो म्हणाला, मरावंसं नाही, पण झोपावं आणि चार वर्षांनी उठावं असं वाटतं. त्याच्या मोबाइलमध्ये टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर टाकून घेतला. सरकारी आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

मग त्याची मार्कशीट काढली. मी ती पुढे ओढायला सांगितलं तेव्हा त्यानं बोटाच्या टोकानं सरकवली. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरच्या ग्रेडची दहापैकी सरासरी, 5.45. घरी त्यानं '54 टक्के पडले' एवढंच सांगितलं होतं, नापास हा शब्द गाळून. त्या 5.45 मध्ये काय आहे हे त्यानं एकदाही मांडून पाहिलं नव्हतं. तासाचा भाव काढणाऱ्या पोरानं, बघा.

आम्ही मांडलं. एकूण 20 क्रेडिट; क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. प्रत्येक विषयाची क्रेडिट गुणिले ग्रेडचे पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले 20. फिजिक्स 3 क्रेडिट, ग्रेड बी, म्हणजे 6 पॉइंट: 18. प्रोग्रामिंग 4 क्रेडिट, बी प्लस: 28. इलेक्ट्रिकल 15, कम्युनिकेशन 16, वर्कशॉप 16, दोन प्रॅक्टिकलचे 7 आणि 9. बेरीज 109. गणित 4 क्रेडिटचं आणि तिथं एफ, म्हणजे शून्य. 109 भागिले 20 म्हणजे 5.45. पुढे मी पेन त्याच्या हातात दिलं. गणितात नुसता सी आला, 5 पॉइंट, तर? त्यानं लिहिलं: 20 वाढले, 129, भागिले 20, 6.45.

"एका विषयानं पूर्ण एक?"

"4 क्रेडिटचा आहे ना तो."

प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला ए प्लस होता, त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्याचंसुद्धा नाही.

इथं पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण घोळ तिथंच होतो. आमच्या पिढीतले बरेच जण 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून निघालो. शिकवणारे एक, पेपर काढणारे दुसरे, तपासणारे तिसरे. वर्षभर टाइमपास केला तरी शेवटच्या महिन्यात मागचे पाच पेपर झेरॉक्स करून रात्र रात्र बसलं की निघून जायचं. हे कौशल्यच होतं, मी नावं ठेवत नाही, मीही तशीच पास झाले आहे. बारावीही साधारण तशीच निघते. खासगी विद्यापीठ स्वतःच शिकवतं, स्वतःच परीक्षा घेतं, स्वतःच डिग्री देतं. तिथं गुणांचा मोठा वाटा सेमिस्टरभर गोळा होतो: क्विझ, असाइनमेंट, मिड-सेम, व्हायव्हा. शेवटच्या महिन्यात जागून तो परत येत नाही. प्रथमेश नोव्हेंबरात खरोखर रात्रंदिवस अभ्यास करत होता. पण अंतर्गत गुण आधीच हातचे गेले होते आणि हजेरी 68 टक्क्यांवर होती. 75 लागते. तापाचं सर्टिफिकेट जोडलं म्हणून कसाबसा परीक्षेला बसू दिलं.

वडिलांना बोलवायचं ठरलं तेव्हा मृगाच्या बहाराचा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुटलेल्या संत्र्यांचा, तोडा सुरू होता. ते तरी आले. पायातल्या चपला दाराबाहेर काढून, टोपी मांडीवर ठेवून बसले. पहिलं वाक्य: "पयले हे सांगा, काढलं तं फी वापस भेटते का?"

मला असा माणूस आवडतो. उत्तरही सरळ होतं: नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, मग 90 टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50, आणि त्यानंतर काही नाही. हे फेब्रुवारीत विचारायचं नसतं. हा तक्ता प्रवेश घेतानाच घराच्या भिंतीवर लावावा, असं मी सगळ्यांना सांगते. आजवर कुणी लावलेला नाही.

मग ते ताणावर आले. "मॅडम, आजकालच्या पोरायले ताण सहन नाही होत. आमी झाडाले ताण देतोच ना. पाणी तोडल्याबिगर बहार येते का?"

मला वाटलं, सापडलं! विचारलं, "किती दिवस देता?"

"जमीन पाहून. हलकी असन तं कमी, भारी असन तं जास्त."

"आणि जास्त झाला तर?"

"पानगळ होते. झाड वाया जाते."

मी थांबले. आता ते पोराकडे पाहतील आणि त्यांना उमजेल, अशा थाटात मी थांबले होते. ते व्यापाऱ्यावर घसरले. यंदा भाव कसा पाडला, कॅरेटमागे काय कापतात, दहा मिनिटं तेच. माझा दाखला त्यांनी बागेपुरताच ठेवला. समुपदेशकाला अशी चपराक अधूनमधून मिळालेली बरी.

त्यांना हलवलं ते आकड्यांनी. मार्कशीट पुढे ठेवून प्रथमेशलाच सांगायला लावलं: 20 पैकी 16 क्रेडिट कमावली आहेत. ती कुणी काढून घेत नाही. यूजीसीनं 2021 साली क्रेडिटची बँक सुरू केली आहे, तिथं ती विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. उद्या विद्यापीठ बदलायची वेळ आलीच तर हीच पुंजी कामी येते. गणिताची फेरपरीक्षा उन्हाळ्यात, तेवढ्यासाठी वर्ष जात नाही. कर्जाचे हप्ते शिक्षण संपून एक वर्षानंतर सुरू होतात, आज दारात कुणी उभं नाही. वडील ऐकत होते. मग बोट ठेवून विचारलं, "हे 9 कायचं?"

"प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल."

"दहापैकी?"

"हो."

"मंग हे काहून नाही सांगतलं?"

याचं उत्तर पोराकडे नव्हतं. मी वडिलांकडून फक्त एक मागितलं: परीक्षेपर्यंत फोनवर फीचा विषय काढायचा नाही. पैशाचं बोलणं महिन्यातून एकदा, समोरासमोर, कागद घेऊन. ते म्हणाले, पाहतो. नंतर कळलं की दोनदा मोडलं, बाकी पाळलं.

प्रथमेशचं काम वेगळं होतं: सरांच्या केबिनमध्ये जायचं. सर बुधवारी तीन ते चार विद्यार्थ्यांसाठी बसतात, हे नोटीस बोर्डवर पहिल्या दिवसापासून होतं. जायला पैसे पडत नव्हते, तरी पाय उचलत नव्हता. एक तर ती उधारी, दुसरं म्हणजे इंग्रजी. वर्गातली शहरातली मुलं पटापट 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणायची, आणि याच्या तोंडाशी वाक्य यायचं मराठीत. आम्ही वाक्य जुळवत बसलो नाही. एका चिठ्ठीवर त्यानं एकच प्रश्न लिहिला: 'रोंची अदलाबदल केली तरी मॅट्रिक्सचा रँक का बदलत नाही?' चिठ्ठी सरांपुढे ठेवायची, बस. पहिल्या बुधवारी केबिनपर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या बुधवारी ठेवली. सर वर्ध्याचे निघाले. मराठीतच समजावलं म्हणे, आणि वर, "सप्टेंबरात का नाही आलास बे?"

पुढे सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. मार्चमध्ये मिड-सेमला परत घसरला, चार दिवस होस्टेलच्या खोलीतून बाहेर आला नाही. रूममेटनं मला फोन केला. पण या वेळी पाचव्या दिवशी वर्गात गेला. दुसऱ्या सेमिस्टरची हजेरी 78 टक्के.

जूनमध्ये मेसेज आला. गणित सुटलं, पण सी नाही, पी. 4 पॉइंट. 125 भागिले 20, 6.25. 'मॅडम 0.20 नं हुकलं', आणि पुढे हसणारं तोंड.

त्यानंतर आठवड्यानं वडिलांचा फोन. पाऊस लांबला होता, मृग फुटते की नाही याची काळजी. मग हळूच मुद्द्यावर आले. धाकटी बारावी झाली होती. "तिथं भावाच्या मागं बहिणीले फीत सूट भेटते म्हणते. तं तिले बी तिथंच टाकाव का?"

"तिला विचारलं का?"

"हे काय, इथंच उभी आहे. घ्या."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग बारीक पण ठाम आवाज: "मॅडम, दादाले तासाचे 320 पडत होते ना? बीएस्सीले किती पडन?"