ब्रिंग फॉरवर्ड: ताई, तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझेच जुने दिवस आठवले. चीनमधल्या सुझौच्या तुमच्या विद्यार्थिनीला तुम्ही सांगितलंत की ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे मीटिंग पुढे ढकलणे, आणि ती ऐकेचना, म्हणते मीटिंग लवकर होणार. ती बरोबर आहे. ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे अलीकडे आणणे, शुक्रवारचं बुधवारी घेणे. आपण भारतात ज्याला प्रिपोन म्हणतो तेच. पण प्रिपोन तिला शिकवू नका, डिक्शनरीत आता असला तरी आपल्याकडच्या बाहेर फार कुणाला कळत नाही.

घोळ आपल्या मराठी डोक्यात आहे. आपल्याला पुढचा आठवडा म्हणजे येणारा, मागचा म्हणजे गेलेला, त्यामुळे फॉरवर्ड ऐकलं की हात आपोआप पुढच्या तारखेकडे जातो. चायनीजमध्ये उलटं आहे. छ्येन म्हणजे समोर, आणि छ्येनथ्येन म्हणजे होऊन गेलेला परवा. होउ म्हणजे मागे, आणि होउथ्येन म्हणजे येणारा परवा. (आपण दोन्हीला परवाच म्हणतो, ते वेगळंच.) ब्रिंग फॉरवर्डसाठी त्यांचा शब्द आहे थीछ्येन, त्यातच समोर घेणं आहे. म्हणून हा अर्थ त्यांना फुकट मिळतो, आपण मध्ये पडलो नाही तर. अमेरिकन लोक मूव्ह अप म्हणतात तेही चायनीज विद्यार्थ्यांना पटकन पटतं, कारण चायनीजमध्ये गेलेला महिना 'वरचा' असतो, शांगकयुए.

मी हे सांगतोय कारण मी मध्ये पडलो होतो. चीनमधल्याच निंगबोच्या एका फॅक्टरीतल्या आठ जणांना मी पुण्यातून ऑनलाइन शिकवायचो, एका ट्रेनिंग कंपनीमार्फत. नोट्समध्ये मी लिहिलं, ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे नंतरच्या तारखेला नेणे. एक मुलगी वर्गात दोनदा म्हणाली, सर, थीछ्येन? मी म्हणलं नाही नाही, उलट. तिने वहीत तिचं लिहिलेलं खोडून माझं लिहिलं, कॅमेऱ्यात मला दिसलं ते. पुढे तिच्या माल तपासणीची तारीख गुरुवार होती, पॅकिंग राहिलं होतं म्हणून तिला शनिवार हवा होता, आणि तिने इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला मेल केला की प्लीज ब्रिंग द इन्स्पेक्शन फॉरवर्ड बाय टू डेज. इन्स्पेक्टर मंगळवारी दारात. फायनल तपासणीला सगळा माल तयार आणि साधारण ८० टक्के पॅक लागतो, तिथे निम्मीही खोकी बंद झाली नव्हती. तपासणी रद्द, परत यायची फी फॅक्टरीच्या माथी आणि बोलणी तिला. वाक्याचं व्याकरण बिनचूक होतं हो, बायसुद्धा जागेवर होता, चुकला होता फक्त मी शिकवलेला अर्थ.

चुकलो ते चुकलोच, पण त्याहून जास्त महाग पडली ती ट्रेनिंग कंपनी. मी त्याच दिवशी कळवलं की नोट चुकलीय, आठही जणांना दुरुस्ती पाठवा. तर म्हणे विषय वाढवू नका, रेटिंग पडेल. विद्यार्थ्यांशी परस्पर बोलायचं नाही असं करारात होतं. मी पाच मेल केले, दोन महिन्यांनी नोट बदलली, ती पण गुपचूप, जुनी ज्यांच्याकडे गेली त्यांना काहीच कळवलं नाही. तोवर ती मुलगी क्लास सोडून गेली होती आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. पैशाचं जाऊ दे, तिला सॉरी म्हणायला मिळालं नाही ते अजून टोचतं. म्हणून माझं स्पष्ट मत, कुठल्याही कंपनीसाठी शिकवत असाल तर दुरुस्ती थेट विद्यार्थ्याला देता येईल हे आधी लिहून घ्या.

आता तुमच्या विद्यार्थिनीला खरंच कुठे अडतं ते. (मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही, चायनीज एचएसके परीक्षेच्या तिसऱ्या पातळीपुरतं, जे वर्गात पाहिलं ते सांगतोय.) थीछ्येनचा अर्थ 'आगाऊ, वेळेआधी' असाही होतो, म्हणून ते लिहितात प्लीज ब्रिंग फॉरवर्ड टेल मी. तिथे इन अ‍ॅडव्हान्स पाहिजे. माणूस लवकर पोचला तर अराइव्ह्ड अर्ली. जे आधी ठरलेलं आहे त्याचीच तारीख ब्रिंग फॉरवर्ड होते. दुसरं, बाय गाळतात, कारण त्यांच्याकडे थीछ्येनपुढे नुसते दोन दिवस लिहिले की झालं. किती दिवसांनी ते बाय, कुठल्या दिवसावर ते टू, हे दहा-दहा वाक्यं करून घ्या. तिसरं, इट मध्येच येतो, ब्रिंग इट फॉरवर्ड. इथे त्यांचं बा वालं वाक्य कामाला येतं, त्यात वस्तू क्रियापदाच्या आधी येते, तर म्हणायचं की बा सारखीच वस्तू फॉरवर्डच्या आधी घे, ब्रिंग आणि फॉरवर्ड यांची ताटातूट कर.

मूव्ह फॉरवर्ड मात्र शिकवूच नका. भाषा आणि विचार यांचा अभ्यास करणाऱ्या लेरा बोरोडित्स्की यांच्या प्रयोगांमुळे गाजलेला प्रश्न आहे, बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड झाली तर आता कधी? जन्माने इंग्रजी बोलणारेही निम्मे सोमवार म्हणतात निम्मे शुक्रवार. आणि अकाउंट्सवाले विद्यार्थी असतील तर बॅलन्स ब्रॉट फॉरवर्ड वेगळं सांगा, ते आपलं मागील पानावरून पुढे, तिथे आकडा खरंच नंतरच्या पानावर जातो.

तुमच्या स्वतःसाठी एक, मला तरी यानेच बसलं. बँकेतली रांग आठवा. आजींना रांगेत पुढे घेतलं तर त्यांचा नंबर लवकर लागतो की उशिरा? मीटिंग म्हणजे त्या आजी, काउंटर म्हणजे आजचा दिवस. पुट बॅक आणि पुश बॅक म्हणजे रांगेत मागे पाठवलं, नंबर उशिरा.

आणि पुढच्या तासाला पहिल्या पाच मिनिटांत तिला सांगा की तुझं बरोबर होतं. तिने वहीत खोडलं असेल तर परत लिहायला लावा, तुमच्या समोर.