एमजीबी घ्यावी की अल्फा रोमिओ स्पायडर?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरला राहता, एक जुनी उघड्या टपाची गाडी घ्यायची आहे आणि ब्रिटिश एमजीबी की इटालियन अल्फा स्पायडर हे ठरत नाहीये. माझ्याकडे 1971ची एमजीबी आहे, तेव्हा तराजू थोडा कलणार हे धरूनच वाचा. (भारतात हल्ली एमजीच्या एसयूव्ही दिसतात, त्यांचं हिच्याशी नातं नावापुरतंच.)

चालवायला अल्फा सरस, त्यात वाद नाही. 1966ला आली तेव्हाच तिला अ‍ॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं 1570 सीसी इंजिन, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. एमजीबी 1962ची. बिडाचं 1798 सीसी इंजिन, चार गिअर, मागे ड्रम ब्रेक आणि ट्रकला असतात तसे पाटे. मित्राची अल्फा एकदा वेल्सच्या घाटांत दिवसभर चालवली. डॅशबोर्डाखालून तिरका आलेला तिचा गिअरचा दांडा हाताला इतका नेमका येतो की गरज नसताना गिअर बदलावेसे वाटतात. एमजीबीला घाई करू नये. तिची मजा गावाकडच्या रस्त्यावर, निवांत.

आणि गंमत म्हणजे पाऊस इंग्लंडात, टप करायची अक्कल मात्र इटालियनांना. अल्फाचा टप सीटवर बसल्या बसल्या एका हाताने ओढून लावता येतो. सुरुवातीच्या अनेक एमजीबींना डिकीतून दांडे काढून उभा करायचा तंबूच होता! एमजीबी घेतलीत तर घडीच्या टपाचीच बघा.

पण इंजिनबिंजिन नंतर, आधी पत्रा. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही आणि वर छतही नाही, त्यामुळे बराचसा भार दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळईवर येतो. सिल सडलं की गाडी मधून वाकते. एका बाजूने जॅक लावून उचला आणि दार उघडून बंद करून बघा. अडकलं, तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. खिशात लोहचुंबक ठेवा, पुट्टी थापलेल्या जागी ते धरत नाही.

सडक्या पत्र्यावर उपाय एमजीबीत सोपा. पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि 1988पासून मूळ साच्यांवर घडवलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. अल्फा नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली, तरी आकडा सव्वा लाखाच्या आसपासच. शिवाय नंतरच्या बहुतेक अल्फा डाव्या स्टिअरिंगच्या.

चाळीस वर्षं उलटलेल्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला तिकडे रोड टॅक्स भरावा लागत नाही आणि एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, तीही सक्तीची नाही. तरी एमओटी करून घ्याच, ब्रेकचा प्रश्न आहे.

गाडी रस्त्यावरच उभी राहणार असेल तर क्रोम बंपरची एमजीबी घ्या. 1974च्या अखेरीस अमेरिकन नियमांपायी रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उचलली गेली. त्या स्वस्त मिळतात, पण वळणावर जास्त झुलतात. कोरडं गॅरेज आहे आणि अल्फा जाणणारा मेकॅनिक जवळ आहे? मग माझं ऐकू नका, अल्फाच घ्या.