एफडी मोडून गाडी घ्यायची आहे, पण ती एफडी आहे कुठे?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ५८. गेल्या वर्षी मार्चमध्ये निवृत्त झालो, पेन्शन नाही. पोस्ट, ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून दीड कोटी आहेत. घरखर्च महिना ६० हजार. मुलगी नोकरीला लागली आहे. ओळखीच्या एका घरी शेडमध्ये १९६८ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. उघड्या टपाची, दोन सीटची, मूळ रंगातली आणि फक्त २३ हजार मैल चाललेली. किंमत १६ लाख. पाच वर्षांत दुप्पट होईल असं दलाल म्हणतो. १० लाख फंडातून काढेन. याशिवाय बँकेत ६ लाखांची गॅरंटीड एफडी आहे, तिला पुढच्या महिन्यात वर्ष होईल, ती मोडेन. तिच्या कागदावर 'पीपीटी १०, पीटी २०' असं आहे, तो व्याजाचा कोड असावा. सोबत ६० लाखांचा विमा फुकट मिळाला आहे. बँकेतून 'दुसरा हप्ता तयार ठेवा' असा फोन येतो, पण मी दुर्लक्ष करतो. टोकन म्हणून ५० हजार दिले आहेत. गाडी घेऊ का?"

गाडीकडे येतोच, पण आधी तो एफडीचा कागद हातात घ्या. पीपीटी म्हणजे हप्ते भरण्याची वर्षं आणि पीटी म्हणजे पॉलिसीची मुदत. तुमच्याकडे एफडी नाहीच. दरवर्षी ६ लाख, असे दहा हप्ते भरायची आयुर्विमा पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली आहे, आणि पैसे हातात येणार तुम्ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाल्यावर. विमा फुकट मिळालेला नाही. तुम्ही विमाच विकत घेतला आहे. पुढच्या महिन्यात मोडायला तिथे ६ लाख नाहीत, उलट आणखी ६ लाख मागितले जाणार आहेत.

पेन्शन नसलेल्या निवृत्त माणसाला ६० लाखांच्या बांधिलकीत अडकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात आणि गोष्ट दरवेळी तीच असते: फॉर्मवर टिकमार्क केलेल्या जागी सह्या, आणि विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर "सगळ्याला हो म्हणा" अशी सूचना. तुम्हालाही तो फोन आला असेल. आठवून पाहा.

आता हिशेब. परतावा ७ टक्के आणि महागाई ६ टक्के धरतो. दीड कोटी नुसते घरखर्चाला वापरले तर तुमच्या वयाच्या एक्क्याऐंशी-ब्याऐंशीपर्यंत पुरतात. गाडीवर दुरुस्तीसह सगळं मिळून २० लाख घातले तर अठ्ठ्याहत्तरपर्यंत. त्यावर पॉलिसीचे उरलेले नऊ हप्ते, म्हणजे ५४ लाख, भरत राहिलात तर बहात्तरीच्या आसपास तळ लागतो. पॉलिसी पिकणार तुम्ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना. मधली पाच-सहा वर्षं तुम्ही दोघं कशावर जगणार?

पिकल्यावर येणारी रक्कम करमुक्त असेल असंही सांगितलं असणार. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेतल्या उत्पन्नावर कर लागतो. तुमचा हप्ता ६ लाख आहे. विकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

म्हणून गाडीच्या आधी हे काम. दुसरा हप्ता भरू नका आणि हप्त्यासाठी खात्यातून आपोआप पैसे वळते व्हायची परवानगी दिली असेल तर ती आजच रद्द करा. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या, प्रत बँकेच्या शाखेला, आणि दोन्हीकडून पोच घ्या. पत्रात तीन गोष्टी मागा: तुमच्या सहीच्या प्रस्ताव अर्जाची प्रत, पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि पॉलिसीचे पूर्ण कागद तुम्हाला कधी, कसे पोहोचवले याचा पुरावा. अर्ज नीट वाचा. निवृत्त माणसाच्या नावापुढे 'व्यवसाय' आणि २०-२५ लाखांचं उत्पन्न लिहिलेलं मी पाहिलं आहे. मोबाइल आणि ईमेल तुमचेच आहेत का, तेही बघा.

तिसऱ्या मागणीला कारण आहे. पॉलिसी नको असेल तर ती परत करायला कागद हाती आल्यापासून ३० दिवस मिळतात. तुमच्याकडे एकच पान आहे. पूर्ण कागद पोहोचलेच नसतील, ईमेलनेसुद्धा नाही, तर ही मुदत संपली असं त्यांना सहज म्हणता येणार नाही. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही. त्याचबरोबर आता पॉलिसी बंद केली तर किती हाती येईल हेही लेखी विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही पॉलिसीचं पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर काही सरेंडर मूल्य मिळतं. रक्कम बघून वाईट वाटेल. पण सगळे ६ लाख बुडाले असं धरलं, तरी ते वाचवायला ५४ लाख घालू नका.

आता एमजीबी. देखणी गाडी आहे, आणि शेडचं दार उघडल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. पण 'दुप्पट' हा शब्द डोक्यातून काढा. १६ लाखांच्या गाडीवर टायर, ब्रेक, होज (रबरी नळ्या), वायरिंग धरून सुरुवातीलाच २० लाख जातील, पुढे विमा आणि देखभालीला वर्षाला लाखभर. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांत साधारण ३४ लाख होतात. गाडी खरोखर दुप्पट झाली तरी मिळणार ३२, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली, पाच लाखांहून जास्त. आपल्याकडे ती क्वचित दिसते, पण जगात दुर्मीळ नाही.

'फक्त २३ हजार' म्हणजे काय, तेही बघा. या गाडीच्या मीटरवर मैलांचे पाच आकडे असतात, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे २३ हजारही असतील, १ लाख २३ हजारही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर पाहा. गुळगुळीत झालं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आणि खरोखर कमी चालली असेल, तर इतकी वर्षं उभी होती: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात, टाकीत गंज, टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने होज लवकर जातात. सगळ्यात आधी दाराखालच्या पट्ट्यांवर लोहचुंबक फिरवा. या गाडीला वेगळी चासी नसते, त्या पट्ट्याच भार पेलतात. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा सडलाय आणि वर लांबी (पुट्टी) भरली आहे.

आरसी बुक आणि चासी, इंजिनचे नंबर स्वतः जुळवा. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, फी २० हजार; नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' नंबर मिळतो, आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. पण त्या नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापरासाठी किंवा दर रविवारी फिरायला नाही.

पत्रात आरोग्य विम्याचं नावही नाही. कंपनीचा होता तो निवृत्तीबरोबर संपला असणार. दोघांचा घ्या, याच महिन्यात.

हे सगळं करूनही गाडी हवीशी वाटली तर हौस म्हणून घ्या, जवळजवळ तीन वर्षांचा घरखर्च त्यात जातोय हे वहिनींना सांगून. मालकाकडे दोन महिने मागा आणि तपासणीत गाडी नापास झाली तर टोकन परत, असं लिहून घ्या. थांबायला तयार नसेल तर ५० हजार सोडा. बँकेत जाताना मुलीला बरोबर न्या, आणि पॉलिसीचं ते पान मला पाठवा. हप्त्याच्या तारखेनंतर भरण्यासाठी ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात सरेंडर मूल्याचं पत्र हातात यायला हवं.