गृहकर्ज, बाइकचं कर्ज आणि क्रेडिट कार्डची थकबाकी एकाच वेळी चालू आहे. तिन्ही मिळून एकच वैयक्तिक कर्ज घ्यावं का?

तिन्ही एकत्र करू नका. आधी फक्त कार्डची थकबाकी मिटवा, बाकीची दोन आहेत तशी चालू द्या. कर्जं किती आहेत यापेक्षा कोणतं किती दरानं आहे ते बघा. कार्डवर महिना ३.५ टक्के धरले तर ६०,००० रुपयांवर दरमहा २,१०० रुपये नुसतं व्याज जातं. तेवढ्याच रकमेवर वर्षाला ८.५ टक्क्यांच्या गृहकर्जाचं व्याज दरमहा ४२५ रुपये. हे स्वस्त कर्ज वर्षाला १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात ओढणं म्हणजे स्वतःहून व्याज वाढवून घेणं. शिवाय फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तरी दंड लागत नाही, तीही सोय जाईल. कर्जं वेगळी ठेवण्याचा तोटा एकच, पण खरा: कार्ड मिटेपर्यंत तीन हप्ते, तीन तारखा. एक जरी चुकली तरी बाऊन्स चार्ज (हप्ता न वटल्याचा दंड) बसतो आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरतो. पगार १ तारखेला होत असेल तर जमतील ते हप्ते ५ तारखेला लावून घ्या. मात्र हप्त्यांची बेरीज हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर गेली असेल तर एवढ्यानं भागणार नाही. हप्ता थकायच्या आधीच बँकेत जाऊन गृहकर्जाची मुदत वाढवून मागा.