पियानो आपोआप वाजतो, पण फाइल कुणी वाजवलीय?

फाइलवरून आपोआप वाजणारा पियानो घेतलास, छान केलंस. आता नेटवरून शंभर मिडी फाइली एकदम उतरवू नकोस. मी तेच केलं होतं आणि फोंड्याच्या घरी महिनाभर शिवणयंत्र ऐकलं.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, एवढंच लिहिलेलं असतं. जोर ० ते १२७ आकड्यांत. म्हणून आधी फाइल कॉम्प्युटरवर एखाद्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडीचे सूर आकड्यांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघड. सगळे सूर ८०-८० वर ओळीने बसलेत? म्हणजे माउसने टिपलेली, सोडून दे. ५२, ६७, ४९ असे आकडे हलत असले, तर ती बहुधा माणसाने वाजवलेली. मग सूर लांबवणारं पेडल बघ: फाइलमध्ये त्याची नोंद 'कंट्रोलर ६४' अशी असते. ती नसली तर शोपँसारखा पियानोचा संगीतकारही कोरडा ठणठणीत.

पाश्चात्य शास्त्रीय हवं असेल तर 'माएस्ट्रो' संग्रह घे. स्पर्धेत पियानिस्टांनी यामाहा डिस्क्लाव्हिअरवर (वादन मिडीत टिपणारा, आपोआप वाजणारा पियानो) वाजवलेलं, सुमारे २०० तासांचं वादन आहे, पेडलसकट. फुकट आहे, फक्त धंद्यासाठी वापरायचं नाही.

फाइल दिसते पण वाजत नाही, असं झालं तर ती टाइप १ (अनेक ट्रॅकची) असेल; सिक्वेन्सरमधून टाइप ० (एकाच ट्रॅकची) करून बघ. बँडची फाइल असेल तर दहावं चॅनल बंद कर, तिथे ड्रम असतात.

आणि मांडो, आपली गोव्याची कोंकणी गाणी? शेजारच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या अंकलना चहाला बोलाव, तुझ्याच पियानोवर वाजवायला सांग आणि रेकॉर्डचं बटण दाब.