जगभर डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, रुग्ण वाढतायत असं वाचलं. म्हणजे म्हातारपणी तो सगळ्यांनाच गाठणार का?

रुग्ण वाढतायत हे खरं. सगळ्यांनाच गाठणार, हे मात्र अजिबात खरं नाही.

२०१९ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि २०५० पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. ही वाढ मुख्यतः माणसं जास्त जगू लागल्यामुळे आणि लोकसंख्या वाढल्यामुळे आहे. पंचाहत्तरीच्या एका माणसाला धोका किती, हा प्रश्न वेगळा, आणि काही देशांत तो धोका चक्क कमी झालाय. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास सुरू आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिमेन्शियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटत गेलं. इंग्लंडमध्येही दोन दशकांच्या अंतराने केलेल्या पाहण्यांत ६५ च्या पुढच्यांमध्ये जुन्या दराने ८.३ टक्के रुग्ण अपेक्षित होते, सापडले ६.५ टक्के.

पण फ्रॅमिंगहॅमची घट फक्त शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच दिसली. हे वाचलं की मला आपल्याकडच्या बायका दिसतात. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. त्यात बायकांचं, खेड्यांतल्या आणि न शिकलेल्यांचं प्रमाण जास्त. ज्या मुलींना चौथीतून काढून चुलीपाशी बसवलं, त्याची किंमत त्या सत्तरीत मोजतायत. याचा मला मनापासून राग येतो.

शाळेची वर्षं आता परत येणार नाहीत, पण बाकी बरंच हातात आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या हिशेबानुसार १४ गोष्टी सुधारल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. बीपी, शुगर, विडी-सिगारेट, एकटेपणा, अंधुक दिसणं, कमी ऐकू येणं.

कानांचं तर घरोघरी दुर्लक्ष होतं. माझ्या सासूबाई चारचौघांत नुसती मान हलवायच्या, कारण कोण काय बोलतंय तेच कळायचं नाही. यंत्र लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा आवाज सहन होईना, सारखं काढून ठेवायच्या. सवय झाली तशी भिशीत पुन्हा स्वतःहून बोलायला लागल्या. त्यांचा डिमेन्शिया यामुळे टळेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण माणसांत परत आल्या, हे आम्ही रोज बघतो.

घरात कुणी विसरायला लागलं असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. रिपोर्ट ठीक आले आणि तरी पैशांचे व्यवहार चुकत असतील, ओळखीचा रस्ता सापडत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जाताना रोज त्यांच्यासोबत असणाऱ्या माणसाला बरोबर न्या. डॉक्टरांना खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.